पाणबुडी, मीठ आणि शेततळ्याचा दोर



या पानावर एरवी भात, वाल, भेंडी नाहीतर कारल्याच्या नोंदी असतात. आजची नोंद पाणबुडीची आहे. हसा खुशाल, पण शेवटपर्यंत वाचा. गोष्ट नवी मुंबईत सुरू होते आणि माझ्या शेततळ्याच्या काठावर येऊन थांबते.

पहाटे वाशीच्या मार्केटला भाजीची गाडी खाली केली की सकाळचा चहा बहिणीकडे, नेरूळला. भाचा तेरा वर्षांचा. गेल्या दिवाळीत त्याला कुणीतरी पाणबुडीचं प्लॅस्टिकचं किट भेट दिलं. त्याला हवी होती ‘खांदेरी’. माझगाव डॉकमध्ये बांधलेली, २०१९ च्या सप्टेंबरात नौदलात आलेली, आपल्या थळसमोरच्या खांदेरी किल्ल्याचं नाव लावणारी. मिळाली किलो वर्गातली. आपल्या नौदलात तिला सिंधुघोष वर्ग म्हणतात. खरी बोट सुमारे ७२ मीटर लांब. किटचं प्रमाण १ ला १४४, म्हणजे आमची बोट जेमतेम अर्धा मीटर. किट नुसतं चिकटवून कपाटावर ठेवायचं.

भाचा म्हणाला, “मामा, ही खरंच पाण्याखाली चालेल का?”

आयुष्यभर पंप उघडून बसवणारा माणूस मी. म्हटलं, “न चालायला काय झालं?” आणि अडकलो.

पहिली गोष्ट कळली ती उलटीच. मला वाटलं होतं, बोटीला एकही भोक राहता कामा नये. पण छोट्या पाणबुडीचं बाहेरचं कवच मुद्दाम गळकं ठेवतात. खाली भोकं पाणी आत यायला, वर भोकं हवा बाहेर जायला. कोरडी ठेवायची ती फक्त आतली नळी. तिच्यात बॅटरी, मोटर, रिसिव्हर, सुकाणू फिरवणारा सर्वो, सगळा संसार. आम्ही त्यासाठी शेतातल्याच ५० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाईपचा तुकडा घेतला. दोन्ही टोकांची झाकणं पनवेलला लेथवाल्याकडून नायलॉनची कातून आणली. त्यावर ओ-रिंग बसवल्या त्या फवारणी पंपाच्या. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावायचं, साधं नाही. साध्या ग्रीसनं काही रबर फुगतं, हे पंपवाल्यांना माहीत आहे.

पंख्याचा दांडा नळीतून बाहेर येतो तिथे खरी परीक्षा. दांडा फिरला पाहिजे आणि पाणी आत येता कामा नये. आपल्या मोनोब्लॉकच्या ग्लँडचं दुखणं ते हेच. ग्लँड दोरी जास्त आवळली तर मोटर गरम, सैल सोडली तर धार. आम्ही ३ मिलिमीटरचा स्टीलचा दांडा पितळी नळीत घातला आणि नळी ग्रीसनं गच्च भरली. टोकाला छोटं रबरी सील.

बुडवण्या-वर आणण्यासाठी ३० मिलीची सिरिंज, जनावरांना औषध देतो तसली. गिअरच्या बारीक मोटरला आट्यांचा दांडा जोडला, तो सिरिंजचा दट्ट्या मागे-पुढे करतो. दट्ट्या मागे गेला की ३० मिली पाणी आत येतं, बोट ३० ग्रॅम जड होते आणि खाली जाते. पुढे गेला की पाणी बाहेर, बोट वर. खऱ्या पाणबुडीत दाबून ठेवलेली हवा सोडून टाक्यांतलं पाणी बाहेर ढकलतात. आमची सिरिंज तिची गरीब बहीण.

मग तोल. वजनाचं शिसं तळाला, हलका फोम वरच्या बाजूला. उलटं केलंत तर बोट पाण्यात पालथी होते. हा तोल साधायला आम्हाला शेतावरच्या हौदात तीन रविवार लागले. एकदा नाक वर, एकदा शेपूट वर. दोन ग्रॅम शिसं बोटभर मागे सरकवलं की चित्र बदलतं. भाचा सगळं वहीत लिहायचा, मी माझ्या पिकाच्या नोंदी ठेवतो तसं.

इथे माझी पहिली चूक. जाणती माणसं सांगतात की सिरिंज पूर्ण भरल्यावरही बोट पाच-दहा ग्रॅम हलकीच ठेवावी. पुढे चालताना बाजूचे पंख तिला खाली दाबतात. मोटर थांबली, बॅटरी मेली, काहीही झालं की ती आपोआप वर येते. मला ते मिळमिळीत वाटलं. मला ती पाण्यात मध्येच स्थिर उभी राहायला हवी होती, खऱ्यासारखी. म्हणून सिरिंज भरली की तिचं वजन आणि तिनं सारलेल्या पाण्याचं वजन अगदी बरोबरीत आणलं.

दुसरी चूक रेडिओची, पण ती नंतर कळली. आजकालचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झचे. हवेत उत्तम, पण त्या लहरी गोड्या पाण्यातसुद्धा वीत-दीड वीत खाली गेल्या की संपतात. म्हणून लॅमिंग्टन रोडवरून २७ मेगाहर्ट्झचा जुना, वापरलेला संच आणला. ही लांब लहर गोड्या पाण्यात दोन-तीन मीटर सहज उतरते. मात्र त्या जुन्या संचाला ‘सिग्नल तुटला तर काय करायचं’ ही अक्कल नसते. सिग्नल गेला की सिरिंज आहे तिथेच थांबते.

एप्रिलमध्ये शेततळ्यात चाचणी घेतली. आमच्या विहिरीचं पाणी, ईसी ०.६. बोट दोन मीटर खाली गेली, फिरली, हुकमासरशी वर आली. भाचा काठावरून धावत तिच्याबरोबर गोल फिरला. मीही मागे धावलो. त्या दिवशी आम्ही दोघं कुठे धावत होतो याचा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

मे महिन्यात भाच्याला त्याच्या मित्रांना बोट दाखवायची होती. म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही नवी मुंबईतल्या एका होल्डिंग पाँडवर गेलो.

बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून उभा आहे. जिथे आज सेक्टर आहेत तिथे भातखाचरं होती, मिठागरं होती. मोठी भरती आली की समुद्राचं पाणी जमिनीपेक्षा वर असतं. त्याच वेळी जोराचा पाऊस असला तर शहराचं पाणी खाडीत जाणार कसं? म्हणून मोठी धारण तळी केली. भरतीच्या वेळी झडपा मिटतात, पावसाचं पाणी तळ्यात थांबतं. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि पाणी खाडीत जातं. खारेपाटातल्या लोकांना हे नवीन नाही. आपल्या बांधातली उघाडी हेच काम पिढ्यानपिढ्या करत आली आहे. पण झडप झिजली की भरतीचं खारं पाणी आत शिरतं, गाळ बसतो, तिवरं उगवतात. आम्ही गेलो ते तळं तसंच होतं.

एकादशी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे आजोबांनी शिकवलेलं. अकराची पाऊणपट सव्वाआठ. तळं काठोकाठ भरलेलं.

बोट सोडली. सिरिंज भरली. बोट बुडेना! पाठ पाण्याबाहेर, जणू म्हैस डुंबतेय. पोरं हसायला लागली. भाच्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, कवचात हवा अडकली असेल. हलवून पाहिली, तरी तेच. मग मी खिशातले जाळ्याचे शिशाचे मणी काढले आणि पोटाखाली चिकटपट्टीनं लावले. पाच ग्रॅम, दहा, पंधरा. वीस ग्रॅम झाल्यावर ती छान खाली गेली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आणि परत आलीच नाही.

मी बटण दाबतोय, अँटेना वर धरतोय, काही नाही. काठापासून सात-आठ हातांवर शेवटचे बुडबुडे आले होते. मी खाली मान घालून रिमोटशी झटत होतो. तेवढ्यात एक पोरगा ओरडला.

भाच्यानं चपला काढल्या होत्या आणि दगडांवरून उतरून पाण्यात पाय टाकला होता. पहिलं पाऊल नडगीपर्यंत रुतलं. दुसरं मांडीपर्यंत. पाणी छातीला लागलं. तो मागे वळून माझ्याकडे बघत होता. ओरडत नव्हता. मागचा पाय उपसायला गेला की पुढचा आणखी खाली जात होता.

खाडीच्या गाळाचं एक आहे. उभा राहून झटाल तितके खाली जाल. लहानपणी निवट्या धरताना आम्ही हे शिकलो होतो. मी ओरडलो, “झटू नकोस! आडवा हो, छातीवर आडवा हो!” त्याला पोहता येतं, म्हणून तो आडवा झाला. मी दगडांवर पालथा पडलो आणि खांद्यावरचा पंचा फेकला. फिरायला आलेल्या एका गृहस्थांनी माझे पाय धरले. दुसऱ्या फेकीला पंचा त्याच्या हाती आला. ओढताना त्याचे गुडघे आणि माझे कोपर कालवांच्या शिंपल्यांनी सोलून निघाले. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं झाली असतील. मला अजूनही ती दोन-तीन मिनिटं रात्री आठवतात.

ते गृहस्थ एवढंच म्हणाले, “काका, एक पंचा कमी पडला असता.”

घरी गेलो. बहिणीनं त्याला आंघोळ घातली, जखमांना हळद लावली, चिखलाचे कपडे तीनदा खळबळले. मला वाटलं आता बोलेल. ती बोलली ते वेगळंच.

“दादा, तुझ्या शेततळ्याला कुंपण आहे का रे?”

नव्हतं. “सुट्टीत सगळी पोरं तुझ्याकडेच असतात,” म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

दुपारी तीनच्या सुमारास मी एकटाच तळ्यावर गेलो. विहिरीतली बादली काढायचा गळ गाडीत होता, तो आणि लांब दोर बरोबर घेतला. ओहोटीनं तळं बरंच उतरलं होतं. सकाळी जिथे छातीभर पाणी होतं तिथे आता वीतभर, आणि बोटीच्या डोक्याचा काळा ठिपका पाण्याखाली दिसत होता. सहज म्हणून रिमोट चालू केला आणि सिरिंज रिकामी करायचं बटण दाबलं. थोडा वेळ काही नाही. मग बोट हलली, गाळाचा ढग उठला आणि ती हळूच वर आली. बॅटरी जिवंत होती, मोटर जिवंत होती. सकाळी फक्त तिला माझं ऐकू येत नव्हतं. पंख्यात गाळ अडकलेला, म्हणून गळ टाकून काठाला ओढली. नळी उघडली तर आत दोन थेंबसुद्धा पाणी नाही. फवारणी पंपाच्या ओ-रिंगनं लाज राखली.

तिथलं पाणी बाटलीत भरून घरी आणलं आणि ठिबकच्या खतासाठी वापरतो तो ईसी मीटर बुडवला. माझा मीटर २० पर्यंत मोजतो. आकडा हद्दीबाहेर गेला. आमच्या विहिरीचा ०.६, हे विसरू नका. ईसी म्हणजे तरी काय? पाण्यातून वीज किती सहज वाहते त्याचं माप. मिठाचे आयन जितके जास्त, तितकी वीज सहज वाहणार. रेडिओ लहर अशा पाण्यात शिरली की त्या आयनांना हलवण्यातच तिची ताकद खर्च होते. गोड्या पाण्यात दोन-तीन मीटर उतरणारी माझी लहर तिथे हातभर खालीसुद्धा पोचत नव्हती. वीतभर पाणी उरलं तेव्हा पोचली. खऱ्या पाणबुड्यांनाही हीच अडचण. म्हणून त्यांच्याशी बोलायला फार लांब लहरी वापरतात. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र त्यासाठीच आहे. आणि त्या लहरीसुद्धा समुद्रात काही मीटरच उतरतात.

रेडिओचं कोडं सुटलं. पण आधी बोट बुडत का नव्हती? ते मला जूनच्या तोंडावर कळलं, आणि तेही भाच्यानं सांगितलं.

भाताच्या बियाण्याला मिठाची प्रक्रिया करत होतो. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, म्हणजे ३ टक्क्यांचं द्रावण. बी ओतायचं, ढवळायचं, थोडं थांबायचं. पोचट दाणे वर तरंगतात, भरलेले तळाला बसतात. वरचे काढून टाकायचे, खालचे साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवायचे. भाचा तरंगणारे दाणे चाळणीनं काढत होता. मध्येच थांबला.

“मामा, हे दाणे साध्या पाण्यात बुडले असते ना?”

“त्यातले बरेच बुडले असते. मिठानं पाणी जड होतं.”

“मग आपली पाणबुडीपण पोचट दाण्यासारखीच तरंगली.”

मी हातातली पाटी खाली ठेवली. एक लिटर गोडं पाणी एक किलो, समुद्राचं सुमारे १ किलो २५ ग्रॅम. तळ्यातलं खाडीचं पाणी त्याहून थोडं कमी खारं धरा. आमची बोट बुडाली की साधारण ९०० मिली पाणी सारते. म्हणजे खाऱ्या पाण्यानं तिला पंधरा-वीस ग्रॅम जास्त उचललं. दर वर्षी माझ्याच हातांनी मी हे द्रावण करतो आणि तळ्याच्या काठावर मला ते सुचलं नाही. बोट तरंगत होती तेव्हा पाणीच मला सांगत होतं की मी खारं आहे, इथे तुझा रेडिओ चालणार नाही. मी मात्र त्यावर शिसं लावलं.

शेतात आपण हेच करतो. पिकानं मान टाकली की खत वाढवतो, पंपानं आवाज केला की फ्यूजची तार जाड करतो. इशाऱ्यावर वजन ठेवून तो दाबून टाकतो.

आता बोटीत बदल केलेत. फोम वाढवला, सिरिंज भरलेली असतानाही ती दहा ग्रॅम हलकी राहते. छोटं फेलसेफ सर्किट बसवलं, सिग्नल तुटला की सिरिंज आपोआप रिकामी होते. शेपटाला नायलॉनचा दोरा आणि थर्मोकोलचा तुकडा. आणि ती चालते फक्त हौदात. सगळं बिघडलं तरी वर येईल अशीच वस्तू पाण्यात सोडायची, एवढा एक नियम त्या अर्ध्या मीटरच्या बोटीनं शिकवला.

मग बहिणीच्या प्रश्नाकडे वळलो. शेततळं ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल. ५०० मायक्रॉनचा कागद, वर शेवाळ. उतारावर पाय पडला की साबणावर पडल्यासारखा सरकतो. पट्टीचा पोहणारासुद्धा बाहेर येऊ शकत नाही, कारण धरायला काहीच नसतं. माणूस आत गेला तर आपोआप वर येईल अशी सोय मी केलीच नव्हती. आणि एप्रिलमध्ये त्याच काठावरून पोराला पळवत होतो.

पाऊस लागायच्या आत एवढं केलं:

१. चारही बाजूंनी जाळीचं कुंपण, एकच फाटक, त्याला कुलूप. किल्ली घरात, उंचावर.

२. प्रत्येक बाजूला दोन, असे आठ जाड नायलॉन दोर. दीड-दीड फुटावर गाठ. वरचं टोक कागदाच्या बाहेर जमिनीत गाडलेल्या लोखंडी अँगलला, खालचं थेट तळापर्यंत. तळं अर्धं रिकामं असताना दोर पाण्यापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर उपयोग नाही.

३. एका कोपऱ्यात जुन्या टायरची शिडी. टायरखाली कागदाचा जादा तुकडा, म्हणजे मूळ कागद घासत नाही.

४. खाद्यतेलाचे २० लिटरचे दोन रिकामे कॅन, बूच घट्ट, मुठीला लांब दोर. एक कॅन पाण्यात जवळजवळ वीस किलोचा भार उचलून धरतो. माणसाचं डोकं वर ठेवायला तो पुरतो. औषधाचे कॅन वापरू नका.

५. फूटव्हॉल्व्ह तरंगत्या ड्रमला टांगला. कचरा अडकला की दोरीनं काठाला ओढायचा. आत उतरायचं कामच नको.

६. कुणी पडलं तर मागून उडी मारायची नाही. आधी कॅन फेकायचा, मग दोर दाखवायचा. पोरांकडून हे दोनदा करून घेतलं, कॅन फेकण्यासकट.

ऊन-पावसानं नायलॉन कुजतो, म्हणून दर वर्षी मे महिन्यात दोर ओढून बघायचा. वहीत मिठाच्या प्रक्रियेच्या ओळीखालीच ही ओळ लिहून ठेवली आहे. म्हणजे एक केलं की दुसरं आठवेल.

बहीण परवा आली होती. बोलली काही नाही. फाटकाचं कुलूप ओढून बघितलं आणि भाच्याला म्हणाली, “चल, बोट दाखव तुझी.” आम्ही हौदावर गेलो. तिनं रिमोट हातात घेतला, बोट खाली नेली आणि मुद्दाम रिमोट बंद केला. आम्ही तिघंही पाण्याकडे बघत उभे राहिलो. चार-पाच सेकंदांनी बोट आपली आपण वर आली.

मंडळी, तुमच्या शेततळ्याला दोर आहे का? असेल तर त्याचा फोटो टाका, कशाला बांधला तेही लिहा. नसेल तर ही नोंद वाचून झाल्यावर मोबाईल खिशात ठेवा आणि आधी दोर आणायला जा.